थंड पाण्यातला वाकडा जीवाणू

१९७८ सालच्या जून महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात अमेरिकेतील व्हरमाँट राज्यातल्या बेनिंग्टन या गावी सुमारे तीन हजार माणसे एकाएकी आजारी पडली. ताप, पोटात मुरडा आणि वरचेवर होणारे जुलाब ही लक्षणे बहुतेकांची सारखीच होती. गावाला नळाने मिळणारे पाणी गाळलेले नव्हते, आणि आजार झाला तो मुख्यतः हे पाणी पिणाऱ्यांना. काही रोग्यांच्या विष्ठेत जो जीवाणू सापडला त्याचे नाव त्या काळी पुष्कळशा डॉक्टरांनीदेखील ऐकलेले नव्हते. ते नाव कँपिलोबॅक्टर जेजुनाय.

मूळ ग्रीक शब्दांचा अर्थ पाहिला तर 'वाकडी काठी' एवढाच या नावाचा अर्थ होतो, आणि सूक्ष्मदर्शकाखाली हा जीवाणू दिसतोही तसाच. एखादा स्वल्पविराम टोकाशी थोडा ताणावा, किंवा मळसूत्राचा एकच वेढा तोडून घ्यावा, असा त्याचा आकार असतो. टोकांना असलेल्या केसासारख्या कशाभिकांच्या बळावर तो गिरक्या घेत वेगाने पुढे सरकतो. जगभर माणसांना होणाऱ्या जीवाणुजन्य अतिसाराच्या प्रमुख कारणांत आज त्याची गणना होते. त्याचे खरे घर मात्र पक्ष्याचे आतडे होय, आणि पक्ष्यांतही विशेषेकरून कोंबडीचे. तेथे तो लक्षावधींनी, कोट्यवधींनी नांदतो आणि कोंबडीला त्याचा बहुधा काहीच त्रास होत नाही.

आता या घराचे स्वरूप पाहू. कोंबडीच्या शरीराचे तापमान ४१ ते ४२ अंश सेल्सिअस असते. माणसाला इतका ताप चढला तर घरात धावपळ उडेल. या जीवाणूला नेमकी तीच ऊब मानवते. ३० अंशांच्या खाली त्याची वाढ थांबते. हवेत प्राणवायूचे प्रमाण शेकडा २१ असते, तर याला शेकडा ५ च्या आसपास पुरतो. त्याहून फार अधिक झाला तर तो त्याला विषासारखा बाधतो. कोरडेपणा त्याला सोसत नाही, मिठाचे थोडेसे वाढलेले प्रमाण सोसत नाही, सूर्यप्रकाश तर मुळीच नाही. प्रयोगशाळेत त्याला वाढविणाऱ्यांची तक्रार अशी की दोन दिवस लक्ष न दिले तर तो मरून जातो. कोंबडीच्याच पोटात राहणारा दुसरा प्रसिद्ध जीवाणू साल्मोनेला हा याच्या तुलनेने दणकट. तो उरलेल्या भातात, अंड्याच्या पदार्थात, स्वयंपाकघराच्या साध्या उष्म्यात सहज वाढतो. कँपिलोबॅक्टर अन्नात वाढत नाही आणि पाण्यातही वाढत नाही.

मग एवढा नाजूक जीव थंड, उघड्या, प्राणवायूने भरलेल्या पाण्यातून एका गावातील हजारो माणसांपर्यंत पोचला कसा? या प्रकरणात याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

प्रश्नाचे अर्धे उत्तर संख्येत आहे. पाण्यात वाढण्याची त्याला गरजच पडत नाही, कारण रोग उत्पन्न करण्यास त्याची फार थोडी संख्या पुरते. १९८१ साली रॉबिन्सन या ब्रिटिश संशोधकाने आपल्यावरच केलेल्या प्रयोगाची हकीकत प्रसिद्ध केली. त्याने दुधातून केवळ ५०० जीवाणू घेतले, आणि तो यथावकाश आजारी पडला. संसर्ग झालेल्या कोंबडीच्या एक ग्रॅम विष्ठेत दहा लक्षांपासून शंभर कोटींपर्यंत जीवाणू असू शकतात. म्हणजे वाटेत हजारांतले नऊशे नव्याण्णव मेले तरी उरलेले काम करून जातात.

हे 'काम' बहुतेकांच्या बाबतीत आठवडाभराच्या जुलाबांवर आटोपते. परंतु सुमारे हजारांत एका रोग्याला यानंतर एक निराळाच विकार जडतो. या जीवाणूच्या बाह्यावरणातील काही शर्करायुक्त रेणू माणसाच्या मज्जातंतूंवरील रेणूंशी मिळतेजुळते असतात. शरीराने जीवाणूविरुद्ध तयार केलेली प्रतिद्रव्ये मग चुकून आपल्याच मज्जातंतूंवर हल्ला करतात. पायांपासून सुरू होणारा अशक्तपणा वर चढत जातो आणि कधीकधी श्वासाचे स्नायूही लुळे पडतात. हाच गियाँ-बारे विकार. २०२५ च्या जानेवारीत पुणे शहराच्या नैर्ऋत्येस सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागांत या विकाराचे रोगी एकामागून एक आढळू लागले आणि संशयित रोग्यांची संख्या पुढे दोनशेच्या वर गेली. अनेकांच्या विष्ठेच्या नमुन्यांत कँपिलोबॅक्टर जेजुनाय सापडला. संशय पाण्यावर गेला. पाणी उकळून प्यावे आणि कोंबडीचे मांस पूर्ण शिजवून खावे, अशा सूचना देण्यात आल्या. ज्या जीवाणूचे नाव महाराष्ट्रात वैद्यकाच्या पुस्तकांबाहेर क्वचितच कोणी उच्चारले असेल, ते त्या महिन्यात घरोघरी वर्तमानपत्रांतून जाऊन पोचले.

लहान मुलांच्या बाबतीत होणारी हानी याहून मूक असते. भारतात वेल्लोर आणि त्याखेरीज बांगलादेश, नेपाळ, पाकिस्तान, पेरू, ब्राझील, टांझानिया व दक्षिण आफ्रिका येथील मिळून आठ ठिकाणी तान्ह्या मुलांची जन्मापासून दोन वर्षे पाहणी करण्यात आली. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांवरून असे दिसते की, एक वर्षाचे होईपर्यंत बहुसंख्य मुलांच्या विष्ठेत हा जीवाणू निदान एकदा तरी आढळला होता. ज्यांच्यात तो वारंवार आढळला, त्यांची उंची दुसऱ्या वर्षाअखेर इतरांहून कमी भरली, मग त्यांना जुलाब झालेले असोत वा नसोत. ज्या घरांत पिण्याचे पाणी शुद्ध करून घेत, तेथे संसर्गाचे प्रमाण कमी होते.

इतका व्यापक जीवाणू एवढा काळ नजरेआड कसा राहिला, याचे आश्चर्य वाटेल. तसा तो दिसला होता. १८८६ साली थिओडोर एशेरिश याने अतिसाराने दगावलेल्या अर्भकांच्या आतड्यांत मळसूत्री जीवाणू पाहिले होते. पण ते त्याला वाढविता आले नाहीत, आणि जे वाढत नाही त्याचा अभ्यास पुढे जात नाही. पटकीच्या जंतूशी आकाराने साम्य असल्यामुळे या कुळाला दीर्घकाळ पटकीच्याच वर्गात, म्हणजे व्हिब्रिओंमध्ये, घातले जाई. १९६३ साली त्यांना स्वतंत्र नाव मिळाले. खरी वाट सापडली ती १९७२ मध्ये ब्रुसेल्स येथे. बुट्झलर व त्याच्या सहकाऱ्यांनी रोग्याची पातळ केलेली विष्ठा इतक्या बारीक छिद्रांच्या गाळणीतून गाळली की इतर जाडजूड जीवाणू वर राहिले आणि हा सडपातळ जीवाणू तेवढा खाली उतरला. पाच वर्षांनी इंग्लंडमधील वूस्टर येथील स्किरो याने, गाळणीवाचून, इतर जीवाणूंना मारणारी औषधे मिसळलेल्या माध्यमावर तो वाढवून दाखविला. जुलाबाच्या ८०३ रोग्यांपैकी ५७ जणांत त्याला तो मिळाला.

पाणी फडक्याने गाळून घेण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे, आणि पटकीच्या बाबतीत तिचा उपयोगही सिद्ध झालेला आहे. बांगलादेशात घडी घातलेल्या जुन्या साडीतून पाणी गाळल्याने पटकीचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. कारण पटकीचे जंतू पाण्यातील बारीक प्राण्यांना चिकटून असतात आणि ते प्राणी साडीत अडकतात. सुटा कँपिलोबॅक्टर मात्र जेमतेम अर्ध्या मायक्रॉन जाडीचा, म्हणजे मिलिमीटरच्या दोन हजाराव्या भागाएवढा. कापडाची वीण त्याला अडवू शकत नाही.

आता प्रश्नाच्या उरलेल्या अर्ध्याकडे वळू. या जीवाणूला ४२ अंशांची ऊब हवी, तेव्हा थंड पाण्यात तो लवकर मरेल आणि कोमट पाण्यात अधिक टिकेल, असे कोणीही म्हणेल. प्रत्यक्षात घडते ते अगदी उलट. अमेरिकेतील मेरीलंड विद्यापीठात रोलिन्स आणि रिटा कोलवेल यांनी ओढ्याचे पाणी जंतुरहित करून त्यात हे जीवाणू सोडले आणि ते निरनिराळ्या तापमानांत ठेवले. १९८६ साली प्रसिद्ध झालेले त्यांचे निष्कर्ष असे: ३७ अंशांवर ठेवलेल्या पाण्यातून दहा दिवसांनंतर जीवाणू वाढवून मिळेनासे झाले, २५ अंशांवर ही मुदत २८ दिवसांची झाली, आणि ४ अंशांवरच्या पाण्यात ते चार महिन्यांहूनही अधिक काळ टिकले. याची उपपत्ती फारशी अवघड नाही. उबेत पेशीचे व्यवहार जोराने चालतात. अन्न मिळत नसता ती साठा खाऊन संपविते, आणि त्या व्यवहारांतच प्राणवायूपासून निर्माण होणारी दाहक द्रव्ये तिला आतून पोखरतात. थंडीत चूल जवळजवळ विझलेली असते. वाढ नाही, पण झीजही नाही. खोल विहिरीचे, झाडीतल्या ओढ्याचे, बंद नळातले गार व अंधारे पाणी या जीवाणूला पथ्यावर पडते ते यामुळे. तेच पाणी उन्हात उथळ पसरले तर तो फार लवकर नाहीसा होतो.

याच प्रयोगात आणखी एक गोष्ट दृष्टीस पडली आणि तिच्यावरून पुढे मोठा वाद माजला. पाण्यात दिवस काढता काढता वाकड्या काठ्या आखूड होत गेल्या आणि अखेर त्यांच्या गोल गोळ्या झाल्या. या गोळ्या माध्यमावर टाकल्या तर वाढत नाहीत. बशी कोरी राहते. पण काही विशिष्ट कसोट्या लावल्या की त्यांतील कित्येक पेशी अजून जिवंत असल्याची चिन्हे दाखवितात. १९८२ साली कोलवेल व तिच्या सहकाऱ्यांनी पटकीच्या जंतूंत व ई. कोलायमध्ये अशीच अवस्था वर्णिली होती. 'जिवंत, परंतु संवर्धनास दाद न देणारी' असे तिचे शास्त्रीय वर्णन आहे. मराठीत तिला 'निद्रिस्त' म्हणण्याचा मोह होतो. पण निद्रा म्हटली की जाग गृहीत धरली जाते, आणि वाद नेमका त्याच मुद्द्याचा आहे. काही संशोधकांनी असे गोल जीवाणू उंदरांच्या पोटात किंवा अंड्यातील गर्भात घालून पुन्हा वाढते झाल्याचे सांगितले. इतरांनी, उदाहरणार्थ नेदरलँड्समधील मेडेमा व सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये, ते एक दिवसाच्या पिलांना पाजले. पिलांच्या पोटात काहीही वाढले नाही. दोन्ही बाजूंचे प्रयोग काळजीपूर्वक केलेले आहेत. प्रस्तुत लेखकाला असे वाटते की, प्रत्येक गोल पेशीला सुप्त शत्रू समजणे जितके चुकीचे, तितकेच कोरी बशी पाहून पाणी निर्दोष ठरविणेही चुकीचे. या गोळ्यांत पुष्कळशी प्रेतेच असतात. सर्वच प्रेते असतात असे मात्र कोणी सिद्ध केलेले नाही.

या वादापेक्षा अधिक निर्विवाद अशी एक गोष्ट आहे: खऱ्या जगातील पाण्यात जीवाणू एकटा नसतो. नळाच्या आतल्या अंगाला बोट फिरविले तर जो बुळबुळीत थर लागतो, ती नाना जातींच्या सूक्ष्मजीवांची वसाहत असते. थराच्या वरच्या भागातील जीवाणू प्राणवायू संपवितात, त्यामुळे आतल्या भागात तो विरळ होतो आणि आपल्या या नाजूक पाहुण्याला मानवेल अशी जागा आयती तयार होते. त्याच थरात अमीबासारखे आदिजीव चरत असतात. ते जीवाणूंना गिळतात आणि सहसा पचवितात. पण गिळलेले काही कँपिलोबॅक्टर काही काळ पचत नाहीत. स्वीडनमध्ये २००५ साली झालेल्या अभ्यासात असे दिसून आले की, अमीबाच्या पोटात असलेले जीवाणू उघड्या पाण्यातल्यांपेक्षा अधिक काळ तग धरतात. त्याच्या किती तरी आधी, १९८८ साली, अमेरिकन संशोधकांनी दाखवून दिले होते की, आदिजीवाने गिळलेले रोगजंतू उघड्या जंतूंपेक्षा कित्येक पट अधिक क्लोरीन सहन करतात. गंमत अशी की उघड्यावर सापडलेला कँपिलोबॅक्टर क्लोरीनपुढे मुळीच टिकत नाही. लिटरमागे एक दशांश मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन असला तरी पाच मिनिटांत शंभरांतले नव्याण्णव मरतात. खेड्यातल्या विहिरीत ग्रामपंचायतीचा माणूस जी टीसीएल पावडर टाकतो, ती नियमित आणि पुरेशी पडली तर या जीवाणूला पुरून उरते. अडचण असते ती गढूळपणाची, थराची आणि खंड पडलेल्या दिवसांची.

क्लोरीन मुळीच नसले तर काय होते ते न्यूझीलंडमधील हॅवलॉक नॉर्थ या गावाने २०१६ साली पाहिले. तेथील भूजल इतके शुद्ध समजले जाई की ते कोणतीही प्रक्रिया न करता नळात सोडीत. ५ व ६ ऑगस्ट रोजी मुसळधार पाऊस झाला. विहिरींजवळच्या कुरणातील मेंढ्यांची विष्ठा वाहून एका डबक्यात आली आणि तेथून जमिनीखालच्या पाण्यात उतरली. १२ ऑगस्टला क्लोरीन सोडण्यास सुरुवात झाली तोवर उशीर झाला होता. चौदा हजार वस्तीच्या गावात आजाऱ्यांचा पहिला अंदाज साडेपाच हजारांचा होता, आणि नंतरच्या तपासणीत तो आणखी वाढला. ऑगस्ट हा तिकडचा हिवाळा, हेही येथे ध्यानात घेण्यासारखे आहे. तेथे मूळ मेंढ्यांत होते. परंतु जीवाणू तोच, आणि कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी विहीर असेल तर वाटही तीच.

कोंबडीपुरते बोलावयाचे तर पाण्याची साखळी आपल्या मोरीपाशी संपते, म्हणून तेथून उलट दिशेने जाऊ. आपल्याकडे कोंबडी बराच वेळ शिजते. रटरटणाऱ्या रश्श्यात हा जीवाणू जिवंत राहण्याची शक्यता नाही. धोका आहे तो शिजण्यापूर्वीच्या पाण्यात. कच्चे मांस नळाखाली धरले की तुषार आजूबाजूला उडतात, आणि तेथेच कोशिंबिरीची काकडी चिरून ठेवलेली असते. ब्रिटनमधील फूड स्टँडर्ड्स एजन्सीने २०१४ साली कच्ची कोंबडी धुऊच नये अशी मोहीम काढली. आपल्या गृहिणीला हे पटणे कठीण आहे. पण मग निदान भांड्यात पाणी घेऊन हलक्या हाताने धुवावे, ते पाणी जपून ओतावे, आणि फळी, सुरी व हात साबणाने धुतल्यावाचून दुसऱ्या कशाला लावू नयेत. मांसातून पाझरणाऱ्या रसाविषयी नॉरिच येथील संशोधकांनी २०१४ मध्ये एक लक्षणीय गोष्ट नोंदविली. हा रस थोडासा जरी लागला, तरी कँपिलोबॅक्टर काचेला व पोलादाला अधिक घट्ट चिकटतो आणि तेथे त्याचा थर जमतो.

त्यामागचा टप्पा कत्तलखान्याचा किंवा कोपऱ्यावरच्या दुकानाचा. पिसे सुटावीत म्हणून पक्षी ५० ते ६० अंशांच्या पाण्यात बुडवितात. एकामागून एक पक्षी त्याच पाण्यातून गेले की एकाची घाण दुसऱ्याला लागते. पिसे उपटल्यावर उघड्या पडलेल्या रंध्रांत व कातडीच्या वळ्यांत पाणी शिरते आणि त्याबरोबर जीवाणूही. मोठ्या कारखान्यांत पुढे थंड पाण्याची टाकी येते. मांस टिकविण्यासाठी ती आवश्यकच. परंतु थंड, ओली, हवेपासून आडोशाची जागा या जीवाणूला किती अनुकूल असते ते आपण वर पाहिलेच.

आणि सर्वांत मागे कुक्कुटपालनाची शेड. पिलू अंड्यातून बाहेर येते तेव्हा त्याच्या पोटात कँपिलोबॅक्टर बहुधा नसतो. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तो कोठून तरी येतो. पिलाला काही डझन जीवाणू पुरतात, आणि एकाला लागण झाली की थोड्याच दिवसांत सगळी शेड बाधित होते. हे 'कोठून तरी' म्हणजे नेमके कोठून, याचा शोध दक्षिण इंग्लंडमधील एका शेतावर पिअर्सन व सहकाऱ्यांनी घेतला. शेताला स्वतःच्या कूपनलिकेचे पाणी होते. त्यात सूक्ष्मदर्शकाखाली कँपिलोबॅक्टर दिसत होता, जरी तो सहजासहजी वाढवून मिळत नव्हता. संशोधकांनी पाण्यात क्लोरीन घालण्यास सुरुवात केली, पाणी पाजण्याच्या नळ्या व भांडी आतून घासून जंतुरहित केली, आणि खाद्यात मिसळले जाणारे एक औषध बंद केले. तिन्ही गोष्टी एकाच वेळी केल्यामुळे यश कोणत्या एकीचे ते सांगता येत नाही, हे उघड आहे. तथापि, बाधित कोंबड्यांचे प्रमाण शेकडा ८१ वरून शेकडा ७ वर आले, आणि त्यांच्या मांसावर सापडणाऱ्या जीवाणूंची संख्या निदान हजार पटींनी घटली. प्रयोग संपला, उपाय थांबले. दोन महिन्यांनी पुन्हा मोजणी केली तेव्हा शेकडा ८४ कोंबड्या बाधित होत्या.